नावं शोधणारा गट: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं काम कसं सुरू करावं

१८७० सालच्या अमेरिकन शिरगणतीचं व्हर्जिनियातलं कुठलंही खेड्याकडचं पान उघडा आणि वर्णाच्या रकान्यात 'बी' किंवा 'एम' लिहिलेली माणसं पाहा. बी म्हणजे ब्लॅक, एम म्हणजे म्युलाटो, मिश्र वर्णाची. त्यातल्या बहुतेकांचं नाव आणि आडनाव शिरगणतीत पहिल्यांदाच उतरलेलं असतं. पन्नाशीची बाई घ्या. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामीतल्या माणसांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत तिला गुलामीत धारण करणाऱ्याचं नाव आहे, तिचं वय, लिंग आणि वर्ण आहे, आणि नावाची जागाच नाही. त्याआधी तर ती बेरजेतला एक होती.

म्हणून हे काम एकट्याने एका माणसाच्या मागे लागून फारसं पुढे जात नाही. एक माणूस १८७० पाशी अडकतो. पण त्याचे शेजारी, त्याच्या लग्नाचे साक्षीदार, त्याच्या चर्चचे विश्वस्त, त्याच्या पलटणीतले सोबती यांतल्या कुणाचा तरी कागद पलीकडे पोचलेला असतो. सबंध वस्तीचा शोध घ्यावा लागतो, आणि त्यासाठी गट लागतो. मी व्हर्जिनियात अशा एका गटात काही वर्षं काम करते आहे. इथे राहणाऱ्या आणि पुण्या-नाशिकात बसून मदत करू इच्छिणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे.

आधी विचारा, मग शोधा

विषय लहान घ्या. एक चर्च, एक दफनभूमी, एक जुनी शाळा, किंवा १८७० च्या शिरगणतीची चार सलग पानं. 'आमच्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) कृष्णवर्णीयांचा इतिहास' असा विषय घेतलेले गट मी तिसऱ्या महिन्यात विरघळताना पाहिलेत. आणि फेब्रुवारीत सुरुवात करू नका. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी ठरवला, १९७६ पासून त्याचा महिना झाला, आणि त्या महिन्यात चर्चला, ग्रंथालयाला, अभिलेखागाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. ऑक्टोबर उत्तम.

विषय ठरला की त्या इतिहासाचे वारस कोण, ते शोधा आणि त्यांच्याकडे जा. हे सौजन्य वाटतं, पण कामाचा पाया आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीच्या पायाभरणीत अठराव्या शतकातली आफ्रिकन दफनभूमी सापडली. वारस समाजाला न विचारता उत्खनन रेटलं गेलं, मोठा विरोध झाला, आणि शेवटी ते संशोधन हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाकडे सोपवावं लागलं. २००३ मध्ये ४१९ जणांचे अवशेष पुन्हा सन्मानाने दफन झाले. त्या समाजाने संशोधकांना जे प्रश्न विचारायला लावले, म्हणजे ही माणसं कुठून आली, कशी जगली, त्यांनी प्रतिकार कसा केला, ते आधीच्या योजनेत नव्हते. आपल्या छोट्या गटाचंही तेच असतं. चर्चच्या बायकांना काय जाणून घ्यायचंय हे पहिल्या भेटीत विचारलं नाही, तर तुम्ही वर्षभर भलतंच शोधत बसाल.

इथे एक मराठी खोड सांभाळा. आपण कुठल्याही वयस्कर बाईला सहज 'आंटी' म्हणतो. अमेरिकेच्या दक्षिणेत म्हणू नका. कृष्णवर्णीय बाईला 'मिसेस' म्हणायला लागू नये म्हणून गोरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिला 'आंटी' आणि पिकल्या केसांच्या पुरुषाला 'अंकल' किंवा 'बॉय' म्हणत आली. 'मिसेस' किंवा 'मिस्टर' लावून आडनाव घ्या. त्यांनी सांगितलं तरच 'मिस' लावून पहिलं नाव. मी पहिल्याच रविवारी चुकले होते. समोरच्या आजी हसल्या, पण त्यांची मुलगी हसली नाही.

पहिल्या भेटीत कागद मागू नका, चहा-कॉफी घ्या, ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत अंत्यविधीच्या पत्रिका मागा. कृष्णवर्णीय चर्चमध्ये अंत्यविधीला छापील पुस्तिका वाटतात. तिच्यात मृताचं चरित्र, आई-वडील, भावंडं, नातवंडं, कधी जुना फोटो, सगळं असतं. घरोघरी बायबलमध्ये किंवा बुटांच्या खोक्यात अशा पत्रिकांचा गठ्ठा निघतो. पहिले दोन महिने नुसते हे गठ्ठे स्कॅन करण्यात गेले तरी वाया जात नाहीत.

गट आणि वही

पाच-सहा माणसं पुरतात. एकजण पान वाचून उतरवणारा, दुसरा तेच पान पुन्हा पाहून पडताळणारा, एकजण वही सांभाळणारी, एकजण वारसांशी बोलणारी. ही शेवटची व्यक्ती शक्यतो त्याच समाजातली असावी. वही म्हणजे एक सामाईक शीट. तिच्यात एवढे रकाने तरी हवेत: माणसाचा क्रमांक, कागदात जसं लिहिलंय तसं नाव, आपण ठरवलेलं नाव, वय, कागद कुठला, काउंटी, पान आणि ओळ, दुवा, कुणी वाचलं, कुणी पडताळलं, शेरा.

'जसं लिहिलंय तसं' हा रकाना सोडू नका. शिरगणतीदार कानावर पडेल तसं लिहायचा, त्यामुळे एकच आडनाव तीन शिरगणत्यांत तीन तऱ्हांनी येतं. वयंही अशीच. दहा वर्षांत बाई कधी सहा वर्षांनी, कधी चौदा वर्षांनी मोठी होते. वर्णाचं अक्षर तर शिरगणतीदाराच्या नजरेवर. १८७० ला एम असलेला माणूस १८८० ला बी होतो. यातलं काहीही 'दुरुस्त' करायचं नाही.

शोधून सापडलं नाही, तेही लिहा. अमुक काउंटीत अमुक वर्षांच्या लग्ननोंदी पाहिल्या, मिळालं नाही, तारीख, सही. नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा उत्साही माणूस तीच मायक्रोफिल्मची रिळं पुन्हा पाहतो.

घरून काम करणाऱ्यांसाठी सोपी सुरुवात म्हणजे स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेचं ऑनलाइन लिप्यंतर केंद्र. तिथे फ्रीडमेन्स ब्युरोच्या, म्हणजे गुलामीतून मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी यंत्रणेच्या, हस्तलिखित कागदांची पानं कुणालाही वाचून टंकता येतात आणि दुसरा स्वयंसेवक ती तपासतो. मोडी शिकलेल्यांना इथलं वळणदार इंग्रजी अक्षर लवकर साधतं असा माझा अनुभव आहे. डोळ्याला सवय लागलेली असते, अक्षरापेक्षा ओळीचा ओघ पाहायची.

१९५० पासून मागे

नवखा माणूस आफ्रिकेतून आणणाऱ्या जहाजापासून सुरुवात करू पाहतो. तसं करू नका. आज हयात असलेल्या आजोबांपासून सुरू करा आणि एकेक पायरी मागे उतरा. अमेरिकेत शिरगणतीची नावं ७२ वर्षांनी खुली होतात, त्यामुळे १९५० ची शिरगणती २०२२ मध्ये उघडली. १९५०, १९४०, १९३० असं मागे जा. १९०० मध्ये जन्माचा महिना-वर्ष आणि आईला किती मुलं झाली, किती जगली, हे दिलेलं आहे. १८९० जवळजवळ गेलीच, १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीने. म्हणजे १९०० वरून एकदम १८८० वर उडी, आणि मधल्या वीस वर्षांत मुलं जन्मून, मोठी होऊन, लग्न करून घराबाहेर पडलेली. ही फट लग्ननोंदी, शहराच्या डिरेक्टऱ्या आणि चर्चच्या वह्यांनी भरायची. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे; १८७० मध्ये नाही. एका घरात राहणारी बाई बायको, बहीण की वहिनी, हे १८७० चं पान सांगत नाही.

इथेच मी एकदा फसले. एकाच नावाचे दोन पुरुष, वयात दोन वर्षांचा फरक, एकाच काउंटीत. मी ते एकच समजून जोडले आणि चार पिढ्यांचं झाड उभं केलं. पडताळणाऱ्या बाईंनी दोघांना १८८० मध्ये वेगवेगळ्या घरांत एकाच वेळी हजर दाखवलं. सबंध फांदी कापावी लागली. तेव्हापासून आमचा नियम आहे: नाव आणि वय जुळणं म्हणजे पुरावा नव्हे, जोडीदार, मूल किंवा शेजारी यांतलं आणखी एक तरी जुळायला हवं.

१८७० ची भिंत

वंशावळ शोधणारे तिला भिंतच म्हणतात. तिच्यापाशी आलात की थांबा आणि गटाने सबंध वस्ती उतरवून काढा: तुमच्या कुटुंबाच्या आधीची आणि नंतरची निदान वीस-वीस घरं, गोऱ्यांचीही. कुणाकडे मोठी जमीन आहे, जन्मस्थान काय लिहिलंय, कोण कुणाच्या शेजारी. मिसिसिपीतल्या पानावर चाळिशीच्या माणसाचं जन्मस्थान व्हर्जिनिया असेल, तर बहुधा तो विकला गेला किंवा मळेवाल्याने त्याला सोबत नेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतरपासून गुलामी संपवणाऱ्या यादवी युद्धापर्यंत सुमारे दहा लाख माणसं अशी देशांतर्गत हलवली गेली.

आडनावाबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, की मुक्त झालेल्यांनी शेवटच्या मालकाचं आडनाव घेतलं. काहींनी घेतलं. अनेकांनी आधीच्या मळ्याचं, बापाचं, किंवा घरात आधीपासून गुपचूप चालत आलेलं आडनाव लावलं. त्यामुळे आडनावावरून थेट गुलामधारकावर बोट ठेवू नका. ती शक्यता म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहा.

आता भिंतीपलीकडे जायच्या वाटा. सगळ्या एकदम चालू नका, वाटून घ्या.

फ्रीडमेन्स ब्युरो ही १८६५ ते १८७२ या काळातली सरकारी यंत्रणा. शिधा, मजुरीचे करार, दवाखाने, शाळा, तक्रारी, सगळ्यांचे कागद हिने ठेवले. करारात बऱ्याचदा कालचा धारक आणि आजचा मजूर एकाच पानावर असतात. २०१५-१६ मध्ये २५ हजारांवर स्वयंसेवकांनी यातली जवळपास १८ लाख नावं सूचीत आणली. ती फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. व्हर्जिनियात काम असेल तर १८६६ ची सहवासनोंद आहे का ते आधी बघा. गुलामीत कायदेशीर लग्न नव्हतं, म्हणून ब्युरोने नवरा-बायको म्हणून राहणाऱ्यांच्या वह्या केल्या. त्यात दोघांची वयं, जन्मगाव, शेवटचा धारक, मुलांची नावं एका ओळीत मिळतात. थोड्याच काउंट्यांच्या वह्या टिकल्यात. ज्यांच्या वाट्याला ती येते त्या गटाची दिवाळी.

दुसरी वाट फ्रीडमन्स बँकेची, १८६५ ते १८७४. खातं उघडताना सही न येणाऱ्यांची ओळख पटावी म्हणून जन्मगाव, आई-बाप, भावंडं, जोडीदार, मुलं, कधी जुना धारक आणि मळा विचारत. भाऊ कुठे विकला गेला हेही कुणी सांगून ठेवलेलं आहे. बँक बुडाली आणि हजारो कुटुंबांची पुंजी गेली. नोंदवह्या मात्र राहिल्या. त्यातल्या सुमारे ४,८०,००० नावांची सूची यूटा राज्याच्या तुरुंगातल्या साडेपाचशे कैद्यांनी ११ वर्षं बसून केली आणि ती २००१ मध्ये बाहेर आली. सामूहिक कामाचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा ब्युरो नुकती गुंडाळली गेली होती आणि ही बँक बुडायला वर्ष उरलं होतं. पुण्यात ते कळायचा मार्ग नव्हता. आपल्याला तो कागद उघडून पाहता येतो.

तिसरी वाट वेळखाऊ, पण माझी सगळ्यात आवडती: सैनिकांच्या पेन्शनच्या फाइली. यादवी युद्धात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक होते. विधवेला पेन्शन हवी तर लग्न सिद्ध करायचं, आणि लग्नाचा दाखला तर नाही. मग शेजारीण, सुईण, पलटणीतला सोबती, कधी जुन्या धारकाच्या घरातलं माणूस, असे सगळे जबानी देतात. 'आम्ही एका मळ्यावर वाढलो, त्यांचं लग्न मी पाहिलं', अशा धर्तीची. एका फाइलीत पन्नास-शंभर पानं असू शकतात, आणि सगळी वस्ती बोलत असते. बऱ्याच फाइली अजून ऑनलाइन नाहीत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन किंवा मागवून घ्याव्या लागतात. गटाने वर्गणी काढून एकेक मागवा. आधी आपल्या सैनिकाची फाइल नाही मिळाली, तर पलटणीच्या त्याच तुकडीतल्या शेजाऱ्याची मागवा. साक्षीदारांत आपला माणूस असतो.

चौथी वाट वर्तमानपत्रांतल्या 'आमचं माणूस हरवलंय' अशा जाहिराती. न्यू ऑर्लिन्सच्या एका मेथडिस्ट पंथाच्या वर्तमानपत्रात १८७९ पासून हे सदर चालायचं. पाळकांनी ही पत्रं व्यासपीठावरून वाचून दाखवावीत अशी वर सूचना असे. वर्गणीदारांना फुकट, बाकीच्यांना पन्नास सेंट. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या प्रकल्पात आणि न्यू ऑर्लिन्सच्या ऐतिहासिक संग्रहात अशा हजारो जाहिराती शोधता येतात.

आणि १९३६-३८ मध्ये सरकारी लेखक-प्रकल्पाने घेतलेल्या, गुलामीत जगलेल्यांच्या २,३०० वर मुलाखती. वाचा, पण सावधपणे. विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे म्हातारे, गरीब आणि त्याच गावात राहणारे. मंदीच्या काळात सरकारी माणसापुढे कोण किती मोकळं बोलेल?

गुलामधारकांचे कागद

इथपर्यंत एखाद्या धारकाचं नाव दोन वेगळ्या कागदांतून आलं, तरच या टप्प्यावर या. आता शोध त्या गोऱ्या कुटुंबाचा. मृत्युपत्र, मयताच्या मालमत्तेची यादी, वाटणीपत्र, खरेदीखत, गहाणखत, कर्जाचे दावे. हे काउंटीच्या कोर्टात असतं. आपल्याकडचं दुय्यम निबंधकाचं दप्तर डोळ्यासमोर आणा. यादीत नांगर, खेचरं, पलंग आणि त्यांच्याच ओळीत पहिल्या नावाने माणसं, पुढे डॉलर. आई आणि अंगावरचं मूल बहुधा एका ओळीत असतं. दर वेळी धारक मेला की यादी होते. दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोण जन्मलं, कोण नाहीसं झालं ते दिसतं. व्हर्जिनियात १८५३ पासून जन्मनोंदी सुरू झाल्या, त्यांत गुलामीतल्या बाळांचे जन्मही धारकाच्या नावाखाली आहेत.

फॅमिलीसर्चवर २०२४ पासून हस्तलिखित खतं आणि मृत्युपत्रं यंत्राने वाचून शब्दाने शोधता येतात. यामुळे पूर्वी महिनाभर चालणारं काम एका संध्याकाळी होतं. यंत्र चुकतंही भरपूर, तेव्हा मूळ पान पाहिल्याशिवाय वहीत काही चढवायचं नाही. आणि अनेक काउंट्यांनी आपली दप्तरं यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून व्हर्जिनियाच्या राजधानीला, रिचमंडला पाठवली, ती एप्रिल १८६५ च्या आगीत जळाली. अशा काउंटीत काम असेल तर शेजारच्या काउंटीत सोयरिकी शोधाव्या लागतात.

किमतीची यादी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकून 'सापडलं!!' असं लिहू नका. समोर ज्यांची पणजी त्या यादीत आहे त्या बाई असतात. आधी फोन करा, काय आहे ते सांगा, बघायचंय का ते विचारा. डीएनए चाचणीचंही तसंच. तिच्यातून गोऱ्या धारकाचं पितृत्व, आणि कधी अलीकडच्या पिढीतलं गुपितही, बाहेर येतं. ज्याची चाचणी त्याचा निर्णय.

शब्दांचं म्हणाल, तर उतरवताना मूळ शब्द जसाच्या तसा, कितीही घाण असला तरी. आपल्या लिखाणात मात्र 'गुलाम' ही माणसाची ओळख करू नका, 'गुलामीत ठेवलेली' म्हणा. 'मालक' ऐवजी 'धारक'. आणि बायकांकडे मुद्दाम लक्ष द्या. एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय परिषदांवर काम करणाऱ्या प्रकल्पात शिक्षकांसाठी अट आहे, की प्रत्येक पुरुष प्रतिनिधीबरोबर त्याच्याशी जोडलेल्या एका स्त्रीचाही शोध घ्यायचा. आम्ही ती अट उचलली. चर्चच्या जमिनीच्या खरेदीखतावर विश्वस्त सगळे पुरुष; पैसे कुणी जमवले ते बायकांच्या मंडळाच्या वहीत निघालं.

दफनभूमीत

कोयता घेऊन जाऊ नका. जुन्या ग्रामीण दफनभूमीत कबरींवर पुष्कळदा कोरीव दगड नसतो. एक ओबडधोबड दगड, शिंपले, फुटकी कपबशी, व्हिंकाचा हिरवा वेल, जमिनीतला लांबट खळगा, हीच खूण. नवखे उत्साहाने 'कचरा आणि तण' काढतात आणि खूण पुसतात. आधी फोटो आणि नकाशा. अक्षर वाचायला दगडावर पीठ किंवा खडू फासू नका, आरशाने तिरका उजेड पाडा.

काम परत देताना

जे जमेल ते पहिल्यांदा चर्चला किंवा कुटुंबांना, मग जगाला. हयात माणसांची माहिती ऑनलाइन नको. मृतांची, त्यांच्या वारसांच्या संमतीने, सामाईक वंशवृक्षावर चढवा म्हणजे दुसऱ्या राज्यातला चुलतभाऊ येऊन भेटेल. आमच्याकडे दोनदा तसं झालं. एक प्रत काउंटीच्या ग्रंथालयात. आणि एक छापील, मोठ्या टाइपातली, स्पायरल बाइंडिंगची प्रत चर्चच्या स्वयंपाकघराशेजारच्या हॉलमध्ये, कारण लोक तिथेच बसतात.

त्या प्रतीच्या शेवटी पाच-सहा कोरी पानं ठेवा आणि दोरीने पेन बांधा. आमच्या प्रतीतली दोन पानं पहिल्याच रविवारी भरली. त्यात चार नावं अशी आहेत जी आमच्या कुठल्याच कागदात नाहीत, आणि एका नावाशेजारी लिहिलंय, 'वय चुकलंय, ती माझ्या आजीपेक्षा मोठी होती'. येत्या बैठकीत ती ओळ पडताळणीला घेतली आहे.